मामा, प्रिंटर बघा ना!

मा. संपादक,
स. न.

परीक्षांचे दिवस आले की आमच्या विभागात सकाळी पहिली हाक येते ती हीच: ‘मामा, प्रिंटर बघा ना!’ मी एका विद्यापीठात शिपाई आहे, २१ वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. येत्या मे महिन्यात निवृत्त होतोय, पेन्शनचे कागद सुखाने पुढे सरकू द्यात.

आमच्या पॅसेजमध्ये एकच मोठं मशीन आहे. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं त्यावरच. प्राध्यापक, ऑफिसातले तिघं, पीएच.डी.ची मुलं, सगळ्यांचं ते. कागद अडकला की ज्याचा अडकला तो माणूस गायब होतो. मागून येणारा दिसेल ते टोक धरून उलटं ओढतो. कागद फाटतो आणि नखाएवढा तुकडा रोलरमागे राहतो. मग दिवसभर तेच. कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश काढायचा असतो. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. कंपनीचा मुलगा दुरुस्तीला आला की मी चहा घेऊन जायचो आणि कप परत न्यायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळायचो. आतला चकचकीत ड्रम उजेडाने खराब होतो, बाहेर काढला की लगेच झाकायचा, हेही त्याच्याकडूनच कळलं. मी वर जुनं वर्तमानपत्र घालतो. बहुतेक वेळा आपलंच असतं, साहेब, राग मानू नका.

आता मूळ तक्रार. दोन वर्षांपूर्वी प्रत्येक कॉपीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ यायला लागली. ऑफिसने पत्र पाठवलं, मग स्मरणपत्र, मग तीन कोटेशनं मागवली. टोनर, म्हणजे शाईची पूड, बदलला, रेघ तशीच. माझ्या एक लक्षात आलं. कागद काचेवर ठेवून झाकण लावलं की कॉपी स्वच्छ येत होती, वरच्या ट्रेमधून आत सोडला की रेघ. म्हणजे खोट छपाईत नव्हतीच. मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची दुसरी काच असते, वरून सोडलेला कागद तिच्यावरून सरकत जातो. तिथे व्हाइटनर आणि शाई मिळून मोहरीएवढा ठिपका वाळून बसला होता. कुणीतरी खाडाखोड करून ओलाच कागद आत घातला असणार. फडक्याला थोडं स्पिरिट लावलं, हलक्या हाताने पुसलं. दोन मिनिटांचं काम.

चार दिवसांनी मला पत्र मिळालं: ‘यंत्रास विनापरवानगी हात लावल्याबद्दल लेखी खुलासा करावा.’ मी खुलासा लिहिला आणि त्याच मशीनवर त्याची झेरॉक्स काढून आवकला दिली. तिच्यावर एकही रेघ नव्हती. तेव्हापासून मशीनवर पाटी आहे, ‘यंत्रास हात लावू नये’. लॅमिनेशन केलेली. हाक मात्र अजून मलाच येते.

हल्ली प्रश्नपत्रिका गठ्ठ्याने येत नाहीत. पेपरच्या थोडं आधी ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापायच्या असतात. गेल्या खेपेला मुलं वर्गात बसलेली, आणि मशीन दोन-दोन कागद एकदम आत ओढून अडकत होतं. ट्रेमधला कागद पावसाळ्यात फोडून ठेवलेल्या रीममधला, दमट, एकमेकांना चिकटलेला. मॅडमनी हाक मारली तेव्हा त्यांना पाटी आठवली नाही, मीही आठवण करून दिली नाही. नवी रीम फोडली, पत्त्यांसारखी फरफरवली, भरली. पेपर वेळेवर सुरू झाला. त्याबद्दल खुलासा कुणी मागितला नाही.

कॉम्प्युटर विभागातल्या एका मुलाने मला एक हकिकत सांगितली. अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरनी जुन्या प्रिंटरसाठी अशी सोय केली होती की मशीन अडकलं की प्रिंटची वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा. १९८० च्या सुमारास नवा प्रिंटर आला, त्याचा मूळ प्रोग्रॅम काही त्यांना मिळेना, आणि सोय बंद पडली. पुढे त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्रॅम कुणालाही बघता-बदलता येतो त्याची, चळवळ उभी केली, त्यामागे हाही राग होता म्हणे. चळवळीतलं मला कळत नाही, पण निरोपाचं पटलं. आमच्याकडे कागद संपला की निरोप नाही, काही नाही. माणूस समजतो प्रिंट गेलीच नाही, आणि चारदा बटण दाबतो. मी कागद भरला की त्याचा प्रबंध चारदा बाहेर येतो.

माझं मागणं मोठं नाही. मशीन घेताना निविदा निघते, मग देखभालीचा करारही वॉरंटी संपायच्या आत व्हावा. प्रत्येक विभागात त्याची जबाबदारी लेखी आदेशाने एका माणसाकडे द्या, तो शिपाई असला तरी चालेल. त्याला कंपनीच्या माणसाकडून एक दुपार नीट शिकवा. टोनर संपायच्या आधी त्याच्या सहीने मागणी जाऊ द्या. रिकाम्या कार्ट्रिजचंही बघा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही उल्लेख आहे, आणि आमच्या जिन्याखाली ३१ पडून आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

मे महिन्यात मी चार्ज देईन. यादी तयार आहे: सात किल्ल्या, पाण्याचा कूलर, तासांची घंटा. प्रिंटर त्यात नाही, कारण कागदोपत्री तो माझ्याकडे कधी नव्हताच. स्पिरिटची बाटली आणि फडकं टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवून जातोय.

आपला,
एक ‘मामा’
(कृपया नाव-गाव छापू नये)