कंपनी मँचेस्टरला खुशाल न्या, पण कोरस मोडू नका

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी बरीच वर्षं लंडनमध्ये राहतोय, सकाळी कामावर जाताना ट्रेनमध्ये तुमचा पेपर मोबाईलवर वाचतो. इथल्या इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संगीत नाटकांच्या कंपनीने सप्टेंबरपासूनचा २०२५-२६ चा सीझन जाहीर केलाय आणि तो बघून आनंदही झाला आणि पोटात कालवलं पण, म्हणून हे पत्र.

ऑपेरा म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं कोट घालून जायचं आणि न कळणाऱ्या भाषेत तीन तास बसायचं. ही कंपनी तशी नाही. मूळ ऑपेरा इटालियन असो की जर्मन, हे लोक तो इंग्रजीत गातात, तिकीट काढून आलेल्या माणसाला गाणं कळलं पाहिजे म्हणून. लिलियन बेलिस नावाच्या बाईंनी १९३१ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात हे सुरू केलं, १९६८ साली कंपनी कोलिझियम थिएटरात आली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल मराठीत गाऊन दाखवलं तेव्हा पुण्यातल्या माणसाला काय वाटलं असेल ते मला इथे बसून थोडंफार कळतं.

गंमत म्हणजे मला या कंपनीचं वेड लागलं ते इंग्रजी नसलेल्या एका ऑपेरामुळे. फिलिप ग्लासचा सत्याग्रह, गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा, आणि गातात ते सगळं संस्कृतात, थेट गीतेतलं. २०२१ च्या ऑक्टोबरात मुलाला घेऊन वरच्या बाल्कनीत बसलो होतो. सुरुवातच "योत्स्यमानानवेक्षेऽहं" ने झाली आणि अंगावर काटा आला, मुलगा कानात म्हणाला बाबा हे आजी म्हणते तेच ना. सेटवर सगळीकडे वर्तमानपत्रं, कागदाचेच मोठे मोठे पुतळे उभे राहतात, कारण गांधीजींचं इंडियन ओपिनियन हे वर्तमानपत्र दक्षिण आफ्रिकेतलंच. आणि दुसऱ्या अंकात डर्बनचा तो प्रसंग येतो, बोटीवरून उतरलेल्या गांधीजींच्या मागे गोऱ्यांचा जमाव लागतो आणि पोलीस अधिकाऱ्याची बायको मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून त्यांना वाचवते. तो जमाव म्हणजे कोरस, कंपनीतले एकत्र गाणारे गायक. नुसतं हा हा हा हा करत छद्मी हसतात, पण सुरात, तालात, एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू, भिंत अंगावर चालून आल्यासारखं वाटतं. शेवटचं "यदा यदा हि धर्मस्य" गांधीजी एकटे गातात, ते सुंदर आहेच, पण आधी तो जमाव झेलला म्हणून ते इतकं आत जातं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. २०२२ च्या नोव्हेंबरात कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने या कंपनीची वर्षाची १ कोटी २६ लाख पौंडांची ग्रँट बंद करतो असं सांगितलं, पैसे हवे असतील तर लंडनबाहेर जा. आरडाओरड झाल्यावर थोडं मागे आले, ग्रँट पुढे चालू राहिली, आणि २०२३ च्या डिसेंबरात मँचेस्टर ठरलं, २०२९ पर्यंत तिथे बस्तान बसवायचं. पण मध्ये काटकसरीत कोरस आणि ऑर्केस्ट्रावर कुऱ्हाड आली, म्युझिक डायरेक्टर मार्टिन ब्रॅबिन्स यांनी त्याच मुद्द्यावर राजीनामा दिला. संपाची नोटीस निघाली, शेवटी २०२४ मध्ये तडजोड झाली आणि कोरसला वर्षाला सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. बाकीचे पाच महिने काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं. त्या जमावाचं "हा हा हा" असं गळ्यात बसायला वर्षानुवर्षं एकत्र गावं लागतं हो, सात महिने गाऊन पाच महिने सुट्टी असं नाही जमत ते.

नवीन सीझनची यादी वाईट नाहीये, उलट धाडसी आहे. रोसिनीची सिंड्रेला, जेक हेगीचा डेड मॅन वॉकिंग, २०२६ च्या फेब्रुवारीत ब्रेश्ट आणि वाइलचं महागोनी. पण मँचेस्टरकरांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरात काय नेतायत, तर ब्रिटनचं अल्बर्ट हेरिंग. छान कॉमेडी आहे, मला आवडते, पण तेरा गाणारे, साधारण तेवढेच वाजवणारे, आणि कोरस नाहीच. ज्या शहराला घर म्हणताय तिथे आधी कंपनीचा सगळ्यात मोठा आवाज घेऊन जा ना! मँचेस्टरला लागूनच असलेल्या सॅल्फर्डच्या लाउरी थिएटरात लीड्सची ऑपेरा नॉर्थ आधीपासून येतेच, तीसुद्धा १९७० च्या दशकात याच कंपनीतून निघालेली, त्यामुळे तिथल्या लोकांना ऑपेरा काय असतो ते नव्याने शिकवायची गरज नाही.

मँचेस्टरला जायला माझा विरोध नाही, सगळं लंडनलाच का असावं. आपल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्या बिऱ्हाडासकट गावोगाव फिरायच्याच की. पण फिरायची ती अख्खी कंपनी, वाजवणारे, आचारी, पोरंबाळं धरून.

इथल्या मराठी आईबापांना एक सांगायचंय. या कंपनीत २१ वर्षांखालच्या मुलांना तिकीट फुकट आहे, मुलं मँचेस्टरला शिकत असतील तर त्यांना अल्बर्ट हेरिंगला जरूर पाठवा, कोरस नसला तरी. लंडनचे असाल तर फेब्रुवारीत महागोनीला या, त्यात कोरसला भरपूर काम आहे. आणि घरी गेल्यावर आर्ट्स कौन्सिलला चार ओळींचा ईमेल टाका की कोरसला बारा महिन्यांचं काम परत द्या, मी कालच टाकलाय.

आपला,
एक वाचक, लंडन