डेलोरियन खरी कंपनी होती!

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत "सिनेमातल्या काल्पनिक गाड्या" या यादीत डेलोरियन बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, "बॅक टू द फ्युचर" या सिनेमात तिचं टाईम मशीन केलं ते 1985 साली, पण त्याच्या आधीच कंपनी बंद पडली होती! जनरल मोटर्सची मोठी नोकरी सोडून जॉन डेलोरियनने 1975 ला कंपनी काढली, ब्रिटिश सरकारचे करोडो पाउंड घेऊन उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टजवळ डनमरीला फॅक्टरी टाकली, तेव्हा तिथे कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून दंगली, बॉम्ब चालूच होते आणि तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगार एकाच लाईनवर उभे राहून गाड्या जोडत होते, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. गाडीला रंगच नाही, बॉडी सगळी स्टेनलेस स्टीलची, म्हणजे आपल्या घरातल्या पातेल्यासारखी, हात लावला की बोटांचे ठसे उठतात आणि बारीक ओरखडा पडला तर घासणीने रेषेरेषेने घासून काढतात. इंजिन मात्र 130 हॉर्सपॉवरचं, दिसण्याच्या मानाने कमीच. 1981 ते 82 मध्ये जेमतेम 9 हजार गाड्या निघाल्या, विक्री बसली, फॅक्टरीला कुलूप आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यांचे हात खरे होते हो, कृपया दुरुस्ती छापा.

आपला,
एक नियमित वाचक