नुसतं बोअर मारून भागत नाही

आफ्रिकेतल्या गावांना बोअरसाठी देणगी द्या असं आवाहन करणारा रविवारच्या अंकातला लेख वाचला, हेतू चांगलाच आहे पण त्यात मेंटेनन्सबद्दल एक ओळही नाही हे खटकलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत साधारण चारातला एक हातपंप बंद असतो. युगांडात बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी आम्लधर्मी, त्यामुळे पंपाचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप आतून गंजतात, पाणी लालसर येतं, कपडे डागाळतात आणि बायका परत डबक्यावर जातात, शेवटी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने हे पाइप वापरायलाच मनाई केली. तिथले बरेच पंप इंडिया मार्क टू या भारतीय हातपंपाच्या धर्तीचे, आणि त्याचं मूळ आपल्या सोलापूर पंपात आहे म्हणून आम्हा सोलापूरकरांना हे जरा जास्तच लागतं. केनियात किटुईकडे मेंटेनन्सची जबाबदारी पक्क्या टीमकडे दिली तर जवळपास महिनाभर रखडणारी दुरुस्ती तीन दिवसांच्या आत व्हायला लागली. तेव्हा देणगीदारांनी नव्या बोअरच्या आधी स्पेअर पार्ट आणि तिथल्याच मेकॅनिकच्या पगारासाठी पैसे द्यावेत, आणि तुम्हीही पुढच्या लेखात अशा कामांची माहिती छापावी ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर