दीक्षाभूमीवरील त्या चौघांचे मनःपूर्वक आभार

अशोक विजयादशमीच्या दुपारी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दर्शनाच्या रांगेत माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना भोवळ येऊन ते कोसळले, तेव्हा आठ टोकांच्या पांढऱ्या क्रॉसचे, म्हणजे सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या प्रथमोपचार सेवेचे, चिन्ह लावलेले चार स्वयंसेवक गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत पोहोचले. मी घाबरून बाबांच्या तोंडात पाणी ओतणार होते. त्यांच्यातील एका ताईंनी माझा हात धरला आणि शुद्ध नसलेल्या माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, असे शांतपणे सांगितले. श्वास चालू असल्याची खात्री करून त्यांनी बाबांना कुशीवर वळवले, मधुमेह आहे का ते विचारले आणि बाबा डोळे उघडून नीट बोलू लागल्यावरच साखरेचे पाणी दिले. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांची नाडी धरून बसलेला मुलगा कॉलेजात शिकणारा असावा. १८७७ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या सेवेचे स्वयंसेवक आपल्याकडेही विनामोबदला उभे असतात, हे मला ठाऊकच नव्हते.

त्या धावपळीत आपली नावे विचारायची राहून गेली, याची खंत आहे. बाबा आता बरे आहेत आणि त्यांनी आपणा चौघांना आवर्जून जयभीम कळवला आहे.