शस्त्र परवाना मिळतो, पण शस्त्र चालवून पाहायची जागा कुठे?

माननीय संपादक,
स. न.

शस्त्र परवान्यांबद्दल आपल्या पानांवर अधूनमधून बातम्या येतात. कुणी वरातीत हवेत गोळ्या झाडल्या, कुणाच्या हातून पिस्तूल साफ करताना गोळी सुटली, कुणी वाढदिवसाला कमरेचे शस्त्र दाखवत फोटो टाकला. मग चर्चा होते ती परवाने किती आणि कुणाला द्यावेत याची. ती व्हायलाच हवी. पण ज्याला रीतसर परवाना मिळाला, त्याने विकत घेतलेले नवेकोरे शस्त्र कुठे चालवून पाहायचे, हा प्रश्न मी अजून कुठे छापून आलेला पाहिला नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी विट्याची. आमचे घर गलाईचे. खानापूर, आटपाडी भागातली माणसे सोने-चांदी आटवण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे सांगली जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. माझ्या यजमानांची उभी हयात दक्षिणेतल्या एका गावात गेली. ते गेल्यावर मी मुलांना घेऊन गावी परतले आणि इथे छोटी पेढी सांभाळू लागले. मालाची ने-आण मलाच करावी लागते, तीही बहुतेक वेळा अंधार पडल्यावर. परवान्यासाठी अर्ज केला तो या कारणासाठी. पोलीस चौकशी झाली, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लागणारे एस-१ नमुन्यातले प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडले, जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे झाले आणि परवाना हातात आला. ९ एमएम वगैरे बोअर (नळीचे माप) आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. मी .३२ बोअरचे छोटे पिस्तूल घेतले, पर्समध्ये मावणारे.

दुकानदाराने बिल केले, पिस्तुलाचा नंबर परवान्यावर चढवला, ठाण्यात नोंद झाली. एकदा चालवून पाहा, असे या सगळ्या साखळीत कुणीही म्हटले नाही. म्हणाले ते माझे धाकटे दीर. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पिस्तूल हातात घेतले, नळी जमिनीकडे धरून दोनदा स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढली आणि म्हणाले, "वहिनी, याच्यावर अजून भरवसा ठेवू नका. आधी रेंजवर, सरावाच्या मैदानावर, नेऊ." टाकी लावलेल्या जात्यातले पहिले पीठ आपण खात नाही, तसेच नव्या शस्त्राचे आहे, हे मला त्या दिवसांत समजले.

सुदैवाने माझा परवाना राज्यभर चालणारा आहे आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका रायफल क्लबने मला सभासद करून घेतले. तिथे जे शिकले ते थोडे सविस्तर सांगते, कारण त्यावाचून माझी मागणी पटणार नाही.

कारखान्यातून आलेल्या पिस्तुलावर गंज धरू नये म्हणून जाड तेलाचा थर असतो. हा थर साठवणीसाठी असतो, गोळी झाडण्यासाठी नाही. भाऊजींनी पिस्तूल खोलून घेतले, नळी फडक्याने कोरडी केली, सगळे भाग पुसले आणि स्लाइड ज्या दोन खाचांवरून सरकते तिथे हलक्या तेलाचा एकेक थेंब दिला. जास्त तेलही घातक, कारण ते धूळ आणि दारूची काजळी धरून ठेवते. मग स्प्रिंग. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग इतकी कडक असते की स्लाइड मागे ओढताना मनगटाला रग लागते. छोट्या पिस्तुलात तर जास्तच, कारण .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना स्लाइडला अडवून धरणारी कळ नसते. तिचे वजन आणि ही स्प्रिंग, एवढ्यावरच काम चालते. बायकांनी आणि वयस्कर माणसांनी एक लक्षात ठेवावे: स्लाइड डाव्या हाताने नुसती ओढू नये, ती घट्ट धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. नळी समोर टार्गेटकडेच राहिली पाहिजे आणि बोट चापाच्या बाहेर.

पहिल्या दिवशी पिस्तूल अडले. एकदा काडतुसाची रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारे कवच) बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभीच अडकली. एकदा स्लाइड पूर्ण पुढे आली नाही, केसभर मागेच थांबली. एकदा मॅगझिनमधले, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतले, काडतूस तिरके होऊन नळीच्या तोंडाशी रुतले. रेंजवरच्या प्रशिक्षकांना यात नवल वाटले नाही. धातूवर धातू घासून खडबडीतपणा जायला, स्प्रिंगा आपल्या जागी बसायला काही डबे काडतुसे जावी लागतात, असे त्यांनी समजावले. नव्या शस्त्रात हे होणारच. प्रश्न फक्त एवढाच आहे, ते रेंजवर व्हावे की रस्त्यावर, समोर दरोडेखोर असताना?

त्यांनी दोन्ही मॅगझिनवर खडूने १ आणि २ असे आकडे घातले. अडकले की कुठल्या मॅगझिनमध्ये अडकले, ते वहीत लिहायचे. सगळे एकाच मॅगझिनला होत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही, त्या मॅगझिनचा. .३२ च्या पिस्तुली काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हे मला कुठल्याही कागदावर वाचायला मिळाले नव्हते. त्यातच आणखी एक: 'बत्तीसची गोळी' म्हणून दुकानात मागितले तर पिस्तुलाची की रिव्हॉल्व्हरची, हे ठणकावून सांगावे लागते. दोन्ही ७.६५ मिमीची म्हणवतात, पण पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी साधारण १७ मिमी लांब असते आणि आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरची साधारण २३ मिमी. एकाची दुसऱ्याला चालत नाही.

काही अडथळे मात्र पिस्तुलाचे नव्हते, मनगटाचे होते. छोटे पिस्तूल हलके असते, मूठ आखूड असते, करंगळीला धरायला जागाच उरत नाही. मनगट सैल राहिले तर गोळीच्या धक्क्याने आख्खे पिस्तूलच मागे जाते आणि स्लाइडला आपला फेरा पुरा करायला जोर उरत नाही. म्हणजे हात नीट बसेपर्यंत पिस्तूल खराब आहे की आपण, हेच कळत नाही. डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आला तर कातडे सोलवटते, हेही तिथेच पाहिले. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर मोठ्या पिस्तुलापेक्षा फार कमी. त्यामुळे नेम धरताना केसाएवढी चूक झाली तरी दहा मीटरवर गोळी बाजूला सरकते. छोटे पिस्तूल बायकांना सोपे पडते, असा समज दुकानातही ऐकायला मिळतो आणि घरातही. मला वाटते तो अगदी उलटा आहे. बाळगायला छोटे सोपे, चालवायला मोठे सोपे.

आणि फुसके निघालेले काडतूस. चाप ओढला, नुसता 'टक' झाला, गोळी सुटली नाही. अशा वेळी माणूस सहज पिस्तूल वळवून नळीत काय झाले ते बघू लागतो. तसे केल्यास जीव जाऊ शकतो, कारण काही वेळा दारू उशिरा पेट घेते. नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, मग मॅगझिन काढायचे, मग स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर घ्यायचे. हे वाचून पाठ होते, पण हाताला वळण लागते ते रेंजवरच, शेजारी जाणता माणूस उभा असताना.

आता माझे पिस्तूल न अडता चालते. पण माझ्या ओळखीचे बहुतेक परवानाधारक, सराफ, पेट्रोल पंपवाले, द्राक्षबागायतदार, यांचे शस्त्र कपाटात जसे आले तसे पडून आहे. काहींनी त्याचे कारखान्याचे तेलही पुसलेले नाही. दोष त्यांचा नाही. जिल्ह्यात नागरिकांना खुली २५ मीटरची रेंज नसेल तर जायचे कुठे? ज्यांचा परवाना जिल्ह्यापुरताच आहे, त्यांना शस्त्र घेऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या रेंजवरही जाता येत नाही. रानात बांधाला निशाण लावून झाडावे म्हटले, तर गोळी शेकडो मीटर जाते, दगडावर आपटून कुठेही वळते, आणि आमच्याकडे प्रत्येक रानात कुणीतरी मेंढरे घेऊन असतेच. शिवाय परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली. ती सरावात संपवली तर वेळेला काय, म्हणून माणूस एकही झाडत नाही. मी स्वतः रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब वहीत ठेवते, तो कुणीही कधीही तपासावा.

निवडणुकीचेही तसेच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या आणि आचारसंहितेच्या काळात अनेकांची शस्त्रे ठाण्यात जमा झाली. ते योग्यच आहे. पण काही आठवडे पडून राहिलेले शस्त्र परत घेतल्यावर ते तपासून, दोन गोळ्या झाडून खात्री करून घ्यायची तर त्यालाही जागा नाही.

हे सगळे महाराष्ट्रात व्हावे याचे मला जास्त वाईट वाटते. भारतात .३२ ची काडतुसे बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून पुण्यात उभा आहे. बालेवाडी-म्हाळुंग्याची रेंज आपली, वरळीची आपली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक पदक मिळवले. नेमबाजी हा खेळ आपल्या मातीत रुजला आहे, शिकवणारी माणसे आहेत. पण खेळाडूंच्या रेंजचा वेळ खेळाडूंनाच पुरत नाही, आणि तो आम्ही खाऊही नये.

म्हणून माझी मागणी अशी. पोलिसांच्या गोळीबार सरावासाठी ज्या रेंज आहेत, त्यांतली एखादी महिन्यातून एक दिवस परवानाधारकांसाठी खुली ठेवावी. पोलीस दलाचा आर्मरर (शस्त्रे तपासणारा व दुरुस्त करणारा) आणि एक प्रशिक्षक हजर असावा, त्याचे शुल्क आमच्याकडून घ्यावे. सरावाची काडतुसे परवान्याच्या कोट्यातून वजा न करता तिथेच मोजून द्यावीत आणि पुंगळ्या तिथेच मोजून परत घ्याव्यात, म्हणजे एकही गोळी बाहेर जाणार नाही. नवे शस्त्र घेतलेल्याने ठरावीक मुदतीत तिथे येऊन ते चालवून दाखवावे आणि तशी नोंद परवान्यावर व्हावी. नूतनीकरणाच्या वेळी शेवटचा सराव कधी केला, हे विचारले जावे. ज्याला हे करायचे नसेल त्याला शस्त्राची खरोखर गरज आहे का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी पुन्हा तपासावे.

यातून शस्त्रांना प्रोत्साहन मिळेल, असे काहींना वाटेल. मी परवाने वाढवा असे म्हणत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, आनंदाच्या भरात गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हे मला पूर्ण मान्य आहे. पण रेंजवर एक दिवस घालवलेला माणूस लग्नात हवेत गोळी झाडणार नाही, अशी माझी खात्री आहे. तिथे कानावर मफ्स आणि डोळ्यांवर चष्मा लावूनही पहिल्या आवाजाला अंग शहारते. निशाणामागच्या बांधाच्या मातीत गोळी कुठवर शिरते ते डोळ्यांनी दिसते. माझ्या मुलाला मी मुद्दाम मागे उभे करून हे दाखवले, आणि त्यानंतर त्याने ते पिस्तूल बघायला मागितलेले नाही. घरी ते रिकामे करून कुलपात असते, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

याच मागणीचा अर्ज मी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात देणार आहे. इतर जिल्ह्यांतल्या परवानाधारकांनीही, विशेषतः बायकांनी, आपापल्या ठिकाणी तो द्यावा. मसुदा हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत पाठवीन. माझ्या धंद्याचे स्वरूप आणि घरात शस्त्र असणे, दोन्ही लक्षात घेऊन माझे नाव छापू नये ही विनंती. ते आपल्याकडे पत्त्यासह दिले आहे.

आपली,
एक परवानाधारक वाचक
विटा, जि. सांगली