मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही हो!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत जुने कपडे घरीच रंगवायची टीप आली होती. आधी तर मी खूशच झाले, कारण मी घरी शिवणकाम करते आणि तीन-चार वर्षं झाली, जुने कुर्ते, ओढण्या, पोरांचे टीशर्ट रंगवायचा नाद लागलाय मला. पण शेवट वाचला अन् कपाळावर हात मारला. रंगवून झालं की कपडा मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवा, रंग पक्का होतो म्हणे. नाही होत हो साहेब. सुती कपड्याचा तर अजिबातच नाही. हाच उपाय मीही केला होता म्हणून बोलून राहिले.

माझा एक मरून कुर्ता होता, सुती, खांद्यावर ऊन खाऊन पार विटकरी झालेला. दुकानातून रंगाची पुडी आणली, गंजात पाणी उकळलं, मीठ टाकलं, तासभर ढवळत बसले आणि वरून अर्धी बाटली व्हिनेगर ओतलं (हे बाहेरून आले तर विचारतात, आज चायनीज का). कुर्ता दिसायला एकदम फक्कड झाला. दोन दिवसांनी मशीनमध्ये टाकला, सोबत ह्यांच्या तीन बनियन आणि सासूबाईंचं पांढरं पातळ. सगळंच गुलाबी. बनियनचं काय, त्या घरात चालून जातात, पण सासूबाई ते पातळ नेसून मुद्दाम भजनाला गेल्या आणि बायांनी विचारलं की सांगायच्या, "सुनेनं रंगवून देल्लं." महिनाभर मी त्या गल्लीतून मान वर करून गेले नाही.

मग इतवारी बाजारात एका रंग-केमिकलच्या दुकानात जाऊन विचारलं. ते काका हसले आणि म्हणाले, "ताई, व्हिनेगर रेशमाले अन् लोकरीले. सुताले सोडा." एवढ्या एका वाक्यात माझं अर्धं अज्ञान गेलं, बाकीचं हळूहळू करून करून गेलं. उकळून लावायची जी पुडी असते त्यातला रंग सुताच्या धाग्यावर नुसता टेकून बसतो. मीठ त्याला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं, इतकंच, धरून ठेवत नाही, म्हणून दर धुण्याला थोडा थोडा सुटत राहतो. पक्का पाहिजे तर रिॲक्टिव्ह रंग घ्यायचा, दुकानात कोल्ड रिॲक्टिव्ह मागितला की देतात. ही काही नवीन भानगड नाही, १९५६ पासून हे रंग बाजारात आहेत. हा रंग धाग्याशी रासायनिक जोड करतो आणि ती जोड व्हायला पाणी सोड्याचं लागतं. व्हिनेगर आंबट, म्हणजे तुमची टीप बरोब्बर उलटी.

आणि सोडा म्हणजे धुण्याचा, खायचा नाही. तो फार मवाळ पडतो. मी चार लिटर पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम टाकते, कपडा पंधरा-वीस मिनिटं बुडवून पिळून काढते आणि मग बांधणीच्या नक्षीसाठी गाठी बांधायला घेते. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्या, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. आणि एकदा रंगाला वापरलेलं भांडं परत स्वयंपाकात आणायचं नाही. रंगाची भुकटी कालवताना नाकाला फडकं बांधा, पंखा बंद करा, ती उडून छातीत गेली तर काहींना दम्यासारखा त्रास होतो. बांधायला मी चण्याचा दाणा आत धरून दोरा गुंडाळते, पोरगी रबर बँड लावते, तिचं डिझाईन माझ्यापेक्षा बरं येतं हे कबूल.

आता नागपूरचं सांगते. आपलं ऊन ह्या रंगाला फायद्याचं, कारण जोड व्हायला ऊब लागते. पण ओल पण लागते, आणि मे महिन्यात इथे ओली ओढणी दोरीवर टाकून वळून पाह्यलं की वाळलेली असते. कपडा वाळला की रंगाचं काम तिथेच थांबलं. माझ्या पहिल्या दोन ओढण्या अशाच कडेकडेने फिक्या आल्या. म्हणून बांधलेल्या कपड्यावर रंग टाकला की लगेच पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी आधी थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत, आणि मग कढत पाणी आणि साबण, दोन-तीन वेळा. हे कढत पाण्याचं कोणी सांगत नाही, पण न चिकटलेला रंग त्यानेच निघतो, नाहीतर परत बनियन गुलाबी.

कपडा सुतीच आहे का, तेही पाहून घ्या, लेबलावर जाऊ नका. शिलाईच्या आतल्या बाजूने कापडाचेच दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळायचे. कागदासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, त्याला हा रंग धरतच नाही. शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो. एका बाईचा आकाशी कुर्ता काळा करून दिला तर टाके सगळे आकाशीच राहिले, गळ्याभोवती, बाह्यांना, खिशाला, एकेक टाका मोजून घ्या. तिने विचारलं, मुद्दाम केलं का ताई? मी हो म्हटलं.

हळदीच्या भरवशावर पण राहू नका. साबण लागला की लाल आणि उन्हात ठेवली की गायब. पळसाच्या फुलांचा पिवळा सुंदर येतो, पण तुरटीशिवाय टिकत नाही, आणि तुरटी लावूनही उन्हात फिका पडतोच.

पण खरं म्हणजे हे पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते वेगळंच आहे. त्याच टीपेत आधी जुना रंग ब्लीचने उतरवा असं आहे, आणि दोन ओळी खाली व्हिनेगर. कोणी घाईत, नीट न धुता, ब्लीचच्याच बादलीत व्हिनेगर ओतलं तर क्लोरीनचा गॅस तयार होतो. आपल्याकडचे बाथरूम किती मोठे असतात ते तुम्हाला माहीत आहे, खिडकी एक वीतभर. माझी शेजारीण ती टीप कापून फ्रिजला लावून बसली होती, मी जाऊन काढायला लावली. एकीची काढली, बाकी किती घरी लागली असेल कोणास ठाऊक. तेव्हा दुरुस्ती छापाच, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच पुरवणीत त्याच जागी छापा, म्हणजे ज्या बायांनी कात्रण काढलं त्यांना ते बदलता येईल. आणि पुडी विकणाऱ्यांना पण जरा लिहा, पुडीवर मराठीत एवढं तरी छापा म्हणावं, कोणत्या कापडाला, थंड का गरम, आणि धुतल्यावर रंग जातो का नाही.

सासूबाईंचं पातळ अजून गुलाबीच आहे. मी पांढरं करून देते म्हटलं तर नको म्हणतात.

आपली एक वाचक,
जुनी शुक्रवारी, नागपूर