ठिबकच्या हिशेबातले न दिसणारे रकाने

मा. संपादक,

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात ठिबक सिंचनाचे यश 'एकरी किती पाणी वाचले' यावरच मोजले जाते. आकडा निःपक्ष वाटतो. पण मोजणी बांधापाशी थांबवायची, इथेच 'काय मोजायचे, काय सोडायचे' ही आपली पसंती शिरते. वाचलेल्या पाण्यावर शेजारचा तुकडा केळीखाली आला, तर उत्पन्न वाढते, उपसा मात्र तेवढाच राहतो. पाटपाण्यातले काही मुरून विहिरीलाच मिळायचे. तेही सरसकट 'वाया' धरले जाते.

म्हणून त्याच शिवारातल्या विहिरींची मे आणि ऑक्टोबरमधली पातळी, बागायती क्षेत्र व पंपाचे वीज युनिट एकत्र मांडावेत, तेही सलग काही वर्षांचे. नाहीतर एखादा चांगला पावसाळा ठिबकच्या नावावर जमा होतो.

क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) बुजले, की १६ मिमी नळीच्या टोकाकडची झाडे तहानलेली राहतात. आम्लप्रक्रिया (नळ्यांतले क्षार आम्ल सोडून काढणे) आणि फिल्टर धुणे घरचेच माणूस करते, म्हणून खर्चात शून्य! तण कमी झाल्याने निंदणीची घटलेली मजुरी मात्र 'बचत'. जिचा रोज बुडाला, तिला रकानाच नाही. हिशेबाचा तक्ता ठरवतानाच मजूर बायांना आणि कोरडवाहू शेजाऱ्यांना बोलवावे.

– काही केळी उत्पादक, रावेर (जि. जळगाव)